डिकीतलं पाकीट

माझे आई-वडील ऊस तोडायचे. दसरा झाला की पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावातून ट्रक निघायचा आणि कोपरगावच्या बाजूला कुठल्यातरी कारखान्याच्या तळावर आम्हाला उतरवून द्यायचा. तिथं पाचटाची कोपी घालायची आणि उन्हाळा लागेपर्यंत तेच घर. आई-वडील पहाटेच फडात जायचे. माझ्यासाठी आई डब्यात मलिदा ठेवायची. मलिदा म्हणजे बाजरीची भाकरी कुस्करून त्यात गूळ, आणि असलंच तर तूप. तूप बहुतेक नसायचं. चौथीपर्यंत मी तीन शाळांत होते आणि एकाही शाळेत दसऱ्यानंतर नव्हते. पाचवीला वसतिगृह मिळालं, तेव्हापासून मात्र वर्ष मोडलं नाही. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. अन्नतंत्रज्ञानाची पदवी आहे. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

दोन वर्षं दुसऱ्याच्या बिस्किटाच्या कारखान्यात नोकरी केली आणि मग ठरवलं की आपण मलिदा विकायचा. पाकिटात. भाकरी कडक भाजायची, भरडायची, गुळाची पूड आणि तूप लावून कोरडा मलिदा करायचा. दुधात टाका आणि खा. गावाबाहेर पत्र्याची शेड घातली, दोन मशीन आणल्या आणि परवान्याचा अर्ज केला. अशी माझी त्या साहेबांशी गाठ पडली.

ते नगरला अन्न खात्यात अधिकारी होते. लोक त्यांना फूड इन्स्पेक्टर म्हणायचे, ते स्वतःला काहीच म्हणायचे नाहीत. मूळचे अकोले तालुक्याच्या डोंगरातले. बारीक अंगाचे, बारा महिने अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेनाऐवजी थर्मामीटर. समोरच्या माणसाला ते नावानं हाक मारत नसत. ‘उत्पादक’ म्हणत. वडापाववाला असो की दूधसंघाचा अध्यक्ष, ‘उत्पादक, जरा इकडे या.’ नियमांचं पुस्तक त्यांनी उशीच्या अभ्र्यात ठेवलेलं असे. दर वर्षी नवीन दुरुस्त्या यायच्या, त्या ते कापून खळीनं जागच्या जागी चिकटवायचे. त्यामुळे पुस्तक मिटेना, म्हणून त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला. कुणी म्हणालं, साहेब, हे सगळं आता मोबाईलवर असतं, तर ते म्हणायचे, ‘मोबाईलवर कुठलं कधी बदललं ते दिसत नाही. इथं खळीचा रंग बघून कळतं.’

त्यांची खरी ख्याती मात्र डिकीमुळे होती. जुनी स्कूटर होती, तिच्या डिकीत सदैव पाकिटं. त्याचं असं होतं की कुणीही नवीन पदार्थ काढला की साहेब त्याचं एक पाकीट स्वतःच्या पैशानं विकत घ्यायचे, बिल मागायचे आणि पाकिटावर तारीख घालून डिकीत टाकायचे. हे सरकारी नमुन्याचं काम नव्हतं. सरकारी नमुना वेगळा, त्याला पंच, सील, प्रयोगशाळा. हे त्यांचं खाजगी. पाकिटावर जी मुदत छापलेली असेल तिच्या शेवटच्या दिवशी सकाळी अकरा वाजता ते उत्पादकाच्या दारात उभे राहायचे, पाकीट फोडायचे आणि म्हणायचे, ‘उत्पादक आधी.’

पारनेरच्या एका लोणचेवाल्यानं बरणीवर हौसेनं दोन वर्षं छापली होती. त्याला वाटलं, दोन वर्षांत साहेबांची बदली होईल. बदली झाली नाही. दोन वर्षं नगरच्या उन्हात फिरलेलं ते लोणचं त्या माणसानं साहेबांसमोर चार घास खाल्लं. पुढच्या खेपेला बरणीवर नऊ महिने छापून आले.

एका दिवाळीत एका मिठाईवाल्यानं त्यांच्या घरी मोठा डबा पाठवला. भेट म्हणून. साहेबांनी तो घेतला, म्हणून दुकानात सगळ्यांना आश्चर्य वाटलं. दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले आणि विचारलं, ‘डब्यावर तारीख नाही. हा मी कधी परत आणू?’ मिठाईवाला म्हणाला, अहो साहेब, ते खायला होतं. साहेब म्हणाले, ‘मी चार दिवस धरतो.’ चौथ्या दिवशी सकाळी अकराला ते डबा घेऊन हजर. त्यानंतर त्यांना कुणी काही भेट दिली नाही.

लग्नाला त्यांना बोलवायला नातेवाईक घाबरत. भाचीच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याच्या वरणात थर्मामीटर घातलं, आकडा बघितला आणि वरण परत चुलीवर चढवायला लावलं. मुहूर्त वेळेवर लागला, पंगत दोन तास उशिरा बसली. कुणालाही काही झालं नाही. त्याबद्दल त्यांचे आभारही कुणी मानले नाहीत. भाची अजून बोलत नाही, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं. सांगताना त्यांना वरणाचं तापमान आठवत होतं.

साहजिकच छोट्या कारखानदारांत त्यांच्याबद्दल एकच मत होतं: हा माणूस आहे तोवर जिल्ह्यात नवीन काही निघायचं नाही. एकदा या कारखानदारांच्या बैठकीत साहेबांनाच भाषणाला बोलावलं. विषय दिला होता, नवे पदार्थ आणि कायदा. हार घातला, माईक दिला. साहेब म्हणाले, ‘नवीन पदार्थ जरूर काढा. आधी तुम्ही खा, शेवटच्या दिवशी.’ आणि खाली बसले. सूत्रसंचालकाला अर्धा तास भरून काढावा लागला.

माझ्या अर्जाचं घोडं एका साध्या गोष्टीवर अडलं. अर्जात पदार्थाचा वर्ग लिहायचा असतो. मलिद्याचा वर्ग कुठेच नव्हता. अर्ज भरून देणारा म्हणाला, ताई, बिस्किट लिहून टाका, सगळे तेच करतात. मी बिस्किट लिहिलं. साहेब पाहणीला आले, शेड बघितली, नळाचं पाणी बघितलं, मलिदा चिमटीत घेऊन बघितला.

‘उत्पादक, हे बिस्किट आहे का?’

मी म्हणाले, तसं नाही, पण जवळपास.

‘जवळपास असं पुस्तकात नाही.’

त्यांनी अर्ज नापास केला. तीन आठवडे गेले. मी गावभर त्यांना नावं ठेवली. चौथ्या आठवड्यात ते स्वतः पुस्तक घेऊन आले, ट्यूब सोडली आणि एक पान काढून दाखवलं. ज्या पदार्थाचं मानकच ठरलेलं नाही तोही विकता येतो; फक्त तो सुरक्षित असल्याची सगळी जबाबदारी करणाऱ्याची. ‘बिस्किट म्हणून परवाना आजच मिळाला असता. मग उद्या तपासणीही बिस्किटाच्या नियमानं झाली असती आणि तुम्ही नापास झाला असता. पुस्तकात नाही म्हणजे बंदी नाही. पुस्तकात नाही म्हणजे पुस्तक तुमच्या पाठीशी नाही. एवढाच फरक.’

‘बिस्किट’ खोडायला लावून त्यांनी अर्ज मंजूर केला आणि मग पाकिटाकडे बोट दाखवून विचारलं, ‘हे सहा महिने कुठून आणले?’

खरं सांगायचं तर शेजारच्या गावातल्या एका खारीच्या पुड्यावरून आणले होते. खारीवाल्यानं ते कुठल्या तरी बिस्किटावरून आणले असणार. मी म्हणाले, सगळे सहा महिनेच लिहितात.

‘सगळे सहा महिने टिकतात का?’

 त्यांनी पाकीट विकत घेतलं, बिल घेतलं, तारीख घातली आणि डिकी उघडली. संक्रांत नुकतीच झाली होती.

आता मला त्या सहा महिन्यांची गरज किती होती ते सांगायला पाहिजे. आई धरून चार बायका माझ्याकडे कामाला होत्या. चौघी एकाच टोळीतल्या, एकमेकींच्या शेजारी ऊस तोडलेल्या. त्या हंगामात त्या फडावर गेल्या नव्हत्या, माझ्या शब्दावर थांबल्या होत्या. आसपासच्या दुकानांवर चार जणींचं भागत नव्हतं. पुण्याची एक दुकानांची साखळी माल घ्यायला तयार होती, पण मुदत सहा महिन्यांची पाहिजे होती. त्यापेक्षा कमी मुदतीचा माल ते फळीवर ठेवतच नाहीत. पुढच्या दसऱ्याच्या आत पुण्याचं जमलं नाही तर चौघी पुन्हा ट्रकमध्ये बसणार, हे कुणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

मार्च संपता संपता आईनं आमच्याकडे राखून ठेवलेलं एक जुनं पाकीट फोडलं, एक घास खाल्ला आणि थांबली. म्हणाली, ‘कडसर लागतंय गं.’

मी खाल्लं. कडसर होतं. जास्त नाही, पण होतं. आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं की बाजरी दळली की आठ-दहा दिवसांत पीठ कडवट व्हायला लागतं. म्हणून बाजरी आठवड्यापुरतीच दळतात. मला पदवीमुळे असं वाटलं होतं की भाकरी कडक भाजली आणि पाकीट नीट बंद केलं की पुढचं सगळं थांबतं. आणि मी पीठ महिन्याचं एकदम दळून ठेवत होते.

माल दुकानांत होता. पुण्याला नमुने गेलेले होते. मी पुण्याच्या खरेदीवाल्या माणसाला फोन करून विचारून बघितलं की मुदत कमी केली तर चालेल का. तो म्हणाला, ‘मॅडम, सहाच लिहा हो. कोण मोजतंय?’

कोण मोजतंय ते मला माहीत होतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच नगर गाठलं. साहेब ऑफिसच्या आवारात स्कूटर लावत होते. मी म्हणाले, साहेब, तुमच्या डिकीतलं माझं पाकीट मला परत द्या.

‘ते माझं आहे. बिल आहे.’

मी म्हणाले, ते कडू झालं असणार.

‘असणार म्हणजे? तुम्ही तुमच्याकडचं खाल्लं का?’

हो म्हणाले.

‘मग माझं कशाला पाहिजे?’ त्यांनी हेल्मेट काढून काखेत धरलं.  मग अभ्र्यातून पुस्तक काढून तिथंच, स्कूटरच्या सीटवर ठेवून, एक कलम वाचून दाखवलं. आपल्या मालात खोट आहे असं ज्या उत्पादकाला कळलं त्यानं तो स्वतःहून बाजारातून परत घ्यायचा आणि तसं कळवायचं. वाचून झाल्यावर म्हणाले, ‘तुम्ही सांगितलं, मी ऐकलं. मी ऐकलेलं लिहितो. लिहायला संध्याकाळी बसतो. आत्ता साडेदहा वाजलेत. परवा सकाळी मी तुमच्याकडे तपासणीला येणार.’

मला आधी राग आला. एसटीत बसल्यावर कळलं की त्यांनी मला दोन दिवस दिले होते.

भाड्यानं टेम्पो घेतला आणि आई अन् मी दुकानं पालथी घातली. नगर, पाथर्डी, शेवगाव. शेवगावच्या दुकानदारानं पाकिटं मोजून देताना विचारलं, ‘का ताई, चालंना व्हय?’ आई म्हणाली, ‘चालतंय की. म्हनून तर न्यायला आलोय.’ पुण्याला मी लिहून कळवलं की सहा महिने हे खरं नाही. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं: खरं झालं की दसऱ्याच्या आत कळवा.

तिसऱ्या दिवशी अकराला साहेब आले. शेड, गोदाम, कपाट सगळं बघितलं. परत आणलेली पाकिटं मोजली, समोर फोडून नष्ट करायला लावली. आपल्या कागदावर लिहिलं: विक्रीसाठी माल आढळला नाही. आईनं चहा विचारला, त्यांनी नको म्हटलं आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायलं. ते कुणाकडेच काही घेत नसत. मग कागद मिटून त्यांनी आईला विचारलं, ‘फडावर तुम्ही पीठ कुठून आणायचात?’

आई म्हणाली, गिरणी लांब असायची. महिन्याचं एकदमच दळून आणावं लागायचं.

‘महिन्याचं? मग कडू होत नव्हतं?’

‘न्हाई. उकळत्या पान्यातून काढून वाळवायची ना बाजरी. मंग दळायची.’

 चार वर्षं मी अन्नतंत्रज्ञान शिकले होते. धान्याला गरम पाण्याचा चटका दिला की पीठ कडू करणारा घटक मरतो, हे माझ्या पुस्तकात होतं. परीक्षेत लिहिलंही असेल. मी म्हणाले, आई, हे तू मला सांगितलं का नाहीस?

‘तू इचारलंस कवा? तू मशीन आनलीस. मला वाटलं, मशीन करत आसंल.’

साहेबांनी खिशातलं थर्मामीटर काढलं. ‘किती वेळ बुडवायची?’

‘लई न्हाई. लई ठिवली की शिजती, मंग दळत न्हाई.’

‘म्हणजे किती?’

आईनं विचार केला. ‘बाजरीची पाटी पान्यात सोडायची आन् हिला हाक मारायची. ही कोपीपस्तोर यायच्या आत पाटी बाहेर.’

‘ही कुठे असायची?’

‘आसायची फडाच्या कडंला खेळत.’

साहेब उठले. त्यांनी आईला विचारून अंतर ठरवलं: आमच्या शेडपासून बांधावरच्या बाभळीपर्यंत. मला म्हणाले, ‘पदवीधर, तिकडे जाऊन उभ्या राहा.’ मी जाऊन उभी राहिले. आईनं हाक मारली. मी आले. साहेब हातातल्या घड्याळाकडे बघत होते. त्यांनी मान हलवली.

‘लहानपणी ही अशी चालत यायची का?’

‘छ्या. पळत यायची. मलिद्याचं वाडगं आसायचं ना.’

‘पुन्हा.’

मी पुन्हा गेले. साडी खोचली आणि पळत आले. असं त्यांनी मला सात वेळा पळवलं. बाकीच्या तिघी पत्र्याच्या सावलीत बसून हसत होत्या. रस्त्यानं जाणारा एक मोटारसायकलवाला थांबून बघत राहिला. सातव्या वेळी साहेबांनी वहीत आकडे मांडले, बेरीज केली, भागाकार केला आणि म्हणाले, ‘सरासरी एकोणीस सेकंद.’ मग चुलीवर पाणी उकळायला लावून त्यात थर्मामीटर घातलं आणि तोही आकडा लिहून घेतला. वहीचं पान फाडून आईच्या हातात दिलं.

मी म्हणाले, साहेब, तुम्ही मला सल्ला दिलात. ते थोडे रागावल्यासारखे झाले. ‘सल्ला देणं माझ्या कामात नाही. मी मोजलं.’

एप्रिलमध्ये चटका दिलेल्या बाजरीचा पहिला माल निघाला. पाकिटावर मी पंचेचाळीस दिवस छापले. साहेबांचं म्हणणं होतं, जेवढं सिद्ध झालं तेवढंच छापायचं. पुढे दोन महिने सिद्ध झाले, दोन छापले, मग तीन. दर वेळी जुन्या कागदावर नवीन चिकटपट्टी लावायचो, आणि मला त्यांच्या खळीची आठवण यायची. मी नमुने प्रयोगशाळेतही दिले होते. तरी त्या पहिल्या मालातलं एक पाकीट मीच साहेबांकडे घेऊन गेले आणि म्हणाले, हे सहा महिने डिकीत ठेवा. त्यांनी विचारलं, प्रयोगशाळा आहे ना? मी म्हणाले, गिऱ्हाईक पाकीट प्रयोगशाळेत ठेवत नाही, शेवगावच्या दुकानात पत्र्याखाली ठेवतं. त्यांनी पाकीट हातात घेतलं. पैसे दिले, बिल मागितलं. मी बिलबुक बरोबर नेलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान म्हणतात तसं काही मी फक्त त्या वेळी बघितलं.

जूनमध्ये ते निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी केक खाल्ला नाही, कारण खोक्यावर तारीख खोडलेली होती.

पाऊस गेला, बाजरी आली. दसरा चार दिवसांवर होता. गावात टोळ्या ठरवणाऱ्या मुकादमाची फेरी झाली. आमच्यातल्या एकीनं घरी कोयते धार लावून ठेवले, मला सांगितलं नाही, आईला सांगितलं. प्रयोगशाळेचा अहवाल आला होता, चांगला होता. पुण्याचा कागद सही करायला टेबलावर होता. मी सही केली नव्हती. माझं मन त्या डिकीत अडकलं होतं. आमच्या कपाटातलं पाकीट सावलीत होतं. डिकीतलं सगळा उन्हाळा नगरच्या रस्त्यावर होतं.

सहा महिन्यांच्या शेवटच्या दिवशी अकराला स्कूटरचा आवाज आला. साहेबांच्या खिशाला थर्मामीटर होतंच. म्हणाले, ‘आता अधिकार नाही. बिल आहे.’

त्यांनी ताटल्या मागितल्या आणि पाकीट टेबलावर ठेवलं. गुळाचा रंग थोडा काळवंडला होता. मी हात पुढे केला तर त्यांनी अडवलं. आईकडे बघून म्हणाले, ‘उत्पादक त्या. तुम्ही पदवीधर.’

आईनं पदराला हात पुसले आणि एक घास घेतला. ती चावत राहिली. तिघी मशीन बंद करून दारात उभ्या राहिल्या होत्या. आईनं घास गिळला, जीभ टाळ्याला लावून बघितली, दुसरा घास घेतला आणि तोही सावकाश चावला.

‘तूप कमी हाय,’ ती म्हणाली.

‘कडू?’

‘कडू न्हाई, भाऊ. तूप कमी हाय.’

मग साहेबांनी खाल्लं. मी त्यांना कुणाच्या दारात काही खाताना तेवढं एकदाच बघितलं, आणि ते त्यांनी विकत घेतलेलं होतं. त्यांनी ताटली पूर्ण संपवली, रिकामं पाकीट चार घड्या करून डिकीत ठेवलं आणि हेल्मेट घातलं. जाताना म्हणाले, ‘उद्यापासून या तारखेचं विकू नका.’

त्यांची स्कूटर वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी पुण्याच्या कागदावर सही केली. त्या वर्षी आमच्या गावातून ट्रक गेला, त्यात आमच्या चौघींतली कुणी नव्हती. आता शेडमध्ये अकरा बायका आहेत आणि चटक्याच्या कढईपाशी घड्याळ टांगलेलं आहे. तूप वाढवलं. पाकिटावर सहा महिने लिहिलेलं असतं, आणि ते खरं आहे.